मणक्याचा संधिवात : ‘जुनेच दुखणे’ म्हणून सोडून देऊ नका

लोणी काळभोर, प्रतिनिधी

घरातील ज्येष्ठांची पाठ दुखू लागली, की ‘आता वय झाले, आराम करा’ असा सल्ला देण्याची आपल्याकडे रीत आहे. ‘अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस’ या मणक्याच्या दाहक संधिवातात मात्र हा सल्ला उलटा पडतो. या आजारात विश्रांतीने पाठ अधिकच आखडते आणि हालचालीने मोकळी होते. दुसरीकडे, वर्षानुवर्षांच्या दाहाने जखडलेला कणा उतारवयात ठिसूळ झालेला असतो. न्हाणीघरात पाय घसरण्याचे निमित्तही त्याला पुरते. आई-वडिलांना चालते-फिरते ठेवायचे, पण पडू द्यायचे नाही, अशी दुहेरी जबाबदारी घरच्यांवर येते. ती पेलायची तर आजाराचे स्वरूप समजून घेतले पाहिजे.

पुण्याच्या पूर्वेस सोलापूर रस्त्यावर वसलेल्या लोणी काळभोरमध्ये जुनी शेतकरी घरे आणि नव्या सोसायट्या शेजारी शेजारी नांदतात. तरुण पिढी नोकरीनिमित्त हडपसर, मगरपट्टा, खराडीच्या दिशेने सकाळीच बाहेर पडते. दिवसभर घरात राहतात ते आई-वडील. ज्या घरात त्यांच्यापैकी एकाला हा आजार आहे, तेथे काय करावे आणि काय टाळावे, याची माहिती सर्वांनाच असणे आवश्यक आहे.

दुखण्यांच्या गर्दीत हरवलेला आजार

सांधेदुखीच्या अभ्यासात पुणे जिल्ह्याचे नाव जगभर घेतले जाते, त्याला कारण याच सोलापूर रस्त्यावर पुढे असलेले भिगवण. इंदापूर तालुक्यातील या गावात १९९६ मध्ये पुण्याच्या ‘सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसिजेस’चे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने आखलेल्या ‘कॉपकॉर्ड’ या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाचा ती भाग होती. चार हजारांहून अधिक प्रौढांच्या या पाहणीत सुमारे १८ टक्के लोकांनी सांधे, स्नायू वा पाठीच्या दुखण्याची तक्रार सांगितली. त्यातील मोठा वाटा सांध्यांची झीज आणि स्नायू-अस्थिबंधांच्या साध्या दुखण्यांचा होता. दाहक संधिवाताचे रुग्ण त्या मानाने थोडे होते.

पाठदुखी घरोघरी असते आणि हा आजार मात्र थोड्यांना होतो. त्यामुळे तो दुखण्यांच्या गर्दीत हरवतो. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सरासरी सहा-सात वर्षे जातात, असे जगभरातील अभ्यासांतून दिसून आले आहे.

नेमके काय होते?

कंबरेची हाडे पाठीच्या कण्याशी जेथे जुळतात, त्या दोन्ही बाजूंच्या सांध्यांत बहुधा या आजाराची सुरुवात होते. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर उलटते आणि स्नायुबंध व अस्थिबंध हाडाला चिकटतात त्या जागी दाह निर्माण होतो. दाह शमताना त्या ठिकाणी नवे हाड धरू लागते. ही प्रक्रिया वर सरकत गेली, की मणके एकमेकांना सांधले जातात. क्ष-किरण चित्रात असा कणा बांबूच्या पेरांसारखा दिसतो, म्हणून डॉक्टर त्याला ‘बांबू स्पाइन’ म्हणतात. आजाराच्या नावातील ‘अँकिलोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘वाकलेला’ आणि ‘स्पॉन्डिलोस’ म्हणजे मणका. सर्वच रुग्णांचा कणा पूर्ण जखडतो असे नाही. अनेकांमध्ये आजार कंबरेपुरताच मर्यादित राहतो.

हा आजार म्हातारपणी सुरू होत नाही, हे विशेष लक्षात घेतले पाहिजे. त्याची सुरुवात बहुधा विशी-तिशीत, बहुतांश रुग्णांत पंचेचाळिशीच्या आत होते. पहाटे दुखण्याने जाग येणे, सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ पाठ आखडलेली राहणे, कामाला लागल्यावर बरे वाटणे आणि बसून राहिल्यावर पुन्हा त्रास होणे ही त्याची ओळख. त्यामुळे साठीनंतर प्रथमच पाठ दुखू लागली असेल, तर बहुधा कारण वेगळे असते. हाडांची ठिसूळता, मणक्याचा क्षयरोग किंवा कर्करोगही त्यामागे असू शकतो. मधुमेही ज्येष्ठांमध्ये मणक्यांवर हाड वाढून पाठ ताठ होणारा ‘डिश’ नावाचा निराळा विकारही आढळतो. म्हणून आधी निदान पक्के करून घ्यावे.

औषधांच्या आधीची पिढी

आज सत्तरीत असलेल्या रुग्णांची कहाणी त्यांच्या मुलांनी समजून घेण्यासारखी आहे. या आजाराशी निगडित ‘एचएलए-बी २७’ या जनुकाचा संबंध १९७३ मध्ये उजेडात आला. निदानाचे सुधारित निकष १९८४ मध्ये ठरले. एमआरआय तपासणी सर्वसामान्यांच्या आवाक्यात येण्यास पुढे बराच काळ लागला. दाह मुळाशी रोखणारी जैविक औषधे २००० नंतरच वापरात आली. त्या पिढीचे तारुण्य, म्हणजे आजार सर्वाधिक जोरात असण्याचा काळ, ‘मणक्यात गॅप आहे’, ‘नस दबली आहे’ अशा समजुतींत आणि वेदनाशामक गोळ्यांवर निघून गेला. औषधे आली तोवर अनेकांचा कणा जखडला होता.

एकदा सांधलेले मणके आजची औषधेही मोकळे करू शकत नाहीत. ती वेदना व दाह कमी करतात, उरलेली हालचाल टिकवण्यास मदत करतात. मणके जखडल्यावर काही रुग्णांचे दुखणे आपोआप कमी होते. ‘बाबांचे दुखणे आता थांबले’ असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात आजाराने रूप बदललेले असते. पूर्वी प्रश्न वेदनेचा होता, आता तो मोडण्याच्या भीतीचा आहे.

हालचाल हेच पहिले औषध

तरुण रुग्णांइतकीच ज्येष्ठांनाही नियमित व्यायामाची गरज असते. इंग्लंडचा माजी क्रिकेट कर्णधार माइक आथर्टन या आजाराने ग्रस्त असतानाही ५४ कसोटी सामन्यांत संघाचे नेतृत्व करू शकला. सत्तरीच्या माणसाकडून तशी अपेक्षा नाही. पण शरीर जेवढे हलते तेवढे हलते ठेवणे प्रत्येकाच्या हाती असते.

सकाळी कोमट पाण्याने स्नान झाल्यावर शरीर सैल असते. व्यायामासाठी ती वेळ चांगली. भिंतीला पाठ टेकवून शक्य तितके ताठ उभे राहणे, खांदे मागे घेणे, दीर्घ श्वास घेऊन छाती फुलवणे, खुब्याचे सांधे मागे ताणणे असे सौम्य प्रकार फिजिओथेरपिस्टकडून एकदा समक्ष शिकून घ्यावेत. बरगड्यांचे सांधेही या आजारात आखडतात, त्यामुळे श्वसनाच्या व्यायामाला विशेष महत्त्व आहे. पोहता येणाऱ्यांना तलावातील व्यायाम मानवतो. दिवसभरात एका जागी अर्ध्या-पाऊण तासापेक्षा अधिक बसू नये. दूरचित्रवाणीवरील मालिकेच्या जाहिरातींत उठून दोन फेऱ्या मारल्या तरी उपयोग होतो.

योगासनांबाबत मात्र सावधगिरी हवी. प्राणायाम, हातापायांचे सौम्य ताण उपयुक्त ठरतात. परंतु कणा जखडलेल्या व हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तीने शीर्षासन, सर्वांगासन, हलासन किंवा झटक्याने पुढे वाकण्याचे प्रकार करू नयेत. दूरचित्रवाणीवर पाहून सूर्यनमस्कार सुरू करणेही धोक्याचे.

पाठ ‘मोकळी करून देणारे’, मणका ‘बसवणारे’ गावोगावी असतात. हलक्या हाताने तेल चोळण्यास हरकत नाही. परंतु मान वा पाठ झटका देऊन फिरवणे, पाठीवर पाय देणे, असे उपाय जखडलेल्या कण्यावर कदापि करू देऊ नयेत. सांधलेला कणा वाकत नाही, जोर लावला तर तो मोडतो.

पडल्यानंतरची पहिली वेळ

या आजारातील सर्वांत गंभीर धोका म्हणजे मणक्याचा अस्थिभंग. निरोगी कण्यात मणक्यांमधील चकत्या धक्का शोषून घेतात. जखडलेला कणा लांब काठीसारखा एकसंध असतो, त्यामुळे लहानसा धक्काही एका जागी एकवटतो आणि हाड आरपार तुटू शकते. मानेच्या खालच्या भागात असे अस्थिभंग अधिक आढळतात. तुटलेले टोक सरकले, तर मज्जारज्जूला इजा होऊन हातपाय लुळे पडू शकतात.

अशा वेळी घरात हमखास चूक होते. पलंगावरून उतरताना आई घसरते, उठून बसते, चहाही घेते. दुसऱ्या दिवशी मान दुखते म्हणते. पाठ-मान तर गेली तीस वर्षे दुखतेच आहे, म्हणून वेदनाशामक गोळी देऊन प्रकरण मिटवले जाते. या आजाराच्या रुग्णाला पडल्यानंतर किंवा गाडीला गचका बसल्यानंतर नव्या जागी, नव्या प्रकारची वा अचानक वाढलेली वेदना जाणवली, तर सिद्ध होईपर्यंत तो अस्थिभंगच समजावा. साध्या क्ष-किरण चित्रात तो दिसेलच असे नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ यावर समाधान न मानता सीटी स्कॅन वा एमआरआयची गरज आहे का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

रुग्णाला हलवण्याची पद्धतही निराळी आहे. ज्यांची मान कायमची पुढे झुकलेली आहे, त्यांना सपाट स्ट्रेचरवर निजवून डोके खाली दाबणे घातक ठरू शकते. मान रोज ज्या स्थितीत असते त्याच स्थितीत, डोक्याखाली उशा वा घडी घातलेल्या चादरी देऊन स्थिर ठेवावी. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांना ‘यांची मान आधीपासूनच अशी आहे, ती सरळ करू नका’ हे स्पष्ट सांगावे. लोणी काळभोरमध्ये विश्वराज रुग्णालय आहे, पुण्यात ससून सर्वोपचार रुग्णालय आहे. कोठे जायचे हे आधीच ठरवून ठेवावे. संध्याकाळच्या वेळी हडपसरच्या वाहतुकीत किती वेळ जातो, हे या भागातील रहिवाशांना सांगायला नको.

घरातील लहान बदल

घराची रचना बदलण्यास फार खर्च येत नाही. न्हाणीघर व शौचालयात भिंतीला पक्के दांडे, खाली न घसरणारी चटई, रात्री पेटता दिवा आणि भारतीय बैठकीऐवजी कमोड, एवढ्याने पडण्याची शक्यता बरीच कमी होते. सैल पायपुसणी, वाटेतील वायर, झिजलेल्या चपला दूर कराव्यात. जमिनीवर पाटावर बसून जेवणे, खाली बसून पूजा करणे ज्यांना जड जाते, त्यांच्यासाठी खुर्ची-टेबल आणि उभ्याने हात पोचेल अशा उंचीवर देवघर करावे. गादी घट्ट, न दबणारी असावी. उशी शक्य तेवढी पातळ असावी, पण मान आधीच झुकलेली असेल तर डोके अधांतरी राहू नये एवढी उंच असावी. पायमोजे चढवणे, पायाची नखे कापणे, पाठ चोळणे ही कामे वाकता न आल्याने अवघड होतात. त्यासाठी लांब दांड्याचा ब्रश, लांब चमचासारखे शू-हॉर्न मिळते.

मान न वळणाऱ्या माणसाशी बोलण्याचीही एक रीत आहे. मागून वा बाजूने हाक मारली, तर ती व्यक्ती सगळे शरीर वळवते आणि तोल जातो. समोर येऊन, शक्यतो खुर्चीत बसून बोलावे. झुकलेल्या कण्याच्या माणसाला उभ्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहता येत नाही. वर्षानुवर्षे लोकांच्या छातीकडे पाहून बोलावे लागते, ही बोच किती ज्येष्ठ बोलून दाखवतील?

दुचाकीवर मागे बसवून नेणे शक्यतो टाळावे. गतिरोधक आणि खड्ड्यांचे गचके थेट कण्याला बसतात. मोटारीत पुढील आसन, पट्टा आणि डोक्यामागे नीट बसणारा आधार आवश्यक. स्वतः वाहन चालवणाऱ्या वडिलांची मान वळत नसेल, तर वाहन सोडण्याचा विषय प्रेमाने पण स्पष्टपणे काढावा लागतो.

आषाढीच्या वारीत तुकाराम महाराजांची पालखी पुण्याहून निघून लोणी काळभोरला मुक्कामी येते. पालखीबरोबर चार पावले चालण्याची इच्छा येथील बहुतेक ज्येष्ठांना असते. चालणे या आजारात हिताचेच आहे, गर्दीतील धक्का मात्र अहिताचा. पहाटेची गर्दी नसलेली वेळ, हातात काठी आणि सोबत एक माणूस, अशी सोय केली तर ‘जाऊ नका’ म्हणण्याची वेळ येत नाही. लोटांगण मात्र मनोमनच घालावे.

औषधे : वहीत नोंद हवी

दाह व वेदना कमी करणाऱ्या नेहमीच्या गोळ्या हा या आजाराच्या उपचारातील पहिला टप्पा आहे. तरुणपणी निर्धास्त घेतलेल्या याच गोळ्या सत्तरीत मूत्रपिंड, जठर, रक्तदाब आणि हृदयावर ताण आणतात. रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर घेतल्यास जठरात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. अनेकदा संधिवाततज्ज्ञ एक, फॅमिली डॉक्टर दुसरी आणि दंतवैद्य तिसरी वेदनाशामक गोळी लिहून देतात. तिन्ही एकाच गटातील असतात. यासाठी सर्व औषधे एका वहीत लिहून ती प्रत्येक डॉक्टरांना दाखवावी. क्रिएटिनिन व हिमोग्लोबिनची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक काळाने करावी. काळी शौचास होणे, पायावर सूज, लघवी कमी होणे याकडे दुर्लक्ष करू नये. पुडीतून मिळणाऱ्या, घटक न लिहिलेल्या ‘रामबाण’ औषधांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. त्याने आधीच ठिसूळ असलेली हाडे आणखी पोखरतात.

या गोळ्यांनी भागले नाही, तर जैविक औषधांची इंजेक्शने दिली जातात. २०१४ च्या डिसेंबरात यांपैकी ‘अडालिमुमॅब’ या औषधाची भारतीय बनावटीची आवृत्ती बाजारात आली आणि तुलनेने कमी दराचा पर्याय उपलब्ध झाला. तरीही खर्च मोठाच आहे. ही औषधे प्रतिकारशक्तीचा एक भाग दाबतात. आपल्याकडे क्षयरोगाचे प्रमाण लक्षात घेता, सुरू करण्यापूर्वी छातीचे क्ष-किरण चित्र व सुप्त क्षयरोगाची तपासणी अनिवार्य मानली जाते. इंजेक्शन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते, पण ते गोठता कामा नये. वीज बराच वेळ जाणाऱ्या भागात बर्फाच्या पिशवीसह थर्मासची व्यवस्था असावी. उपचार सुरू असताना ताप वा दीर्घ खोकला आल्यास पुढील इंजेक्शनपूर्वी डॉक्टरांशी बोलावे. ‘जॅक’ गटातील नव्या गोळ्या ६५ वर्षांवरील व्यक्तींना देताना हृदयविकार, रक्ताच्या गाठी व कर्करोगाचा धोका तपासून पाहावा लागतो.

फ्लू व न्यूमोनियाच्या लसींबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ‘ड’ जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी विसरू नये. या आजारावर सिद्ध झालेले असे कोणतेही खास पथ्य नाही. विडी-सिगारेट बंद करणे मात्र अत्यावश्यक, कारण धूम्रपानाने कण्याची हानी वाढते आणि आखडलेल्या छातीत फुप्फुसांची उरलीसुरली ताकदही कमी होते.

डोळा आणि शस्त्रक्रिया

या आजाराच्या सुमारे चौथ्या हिश्श्याहून अधिक रुग्णांना कधी ना कधी डोळ्यातील पडद्याचा दाह होतो. एक डोळा अचानक लाल होतो, दुखतो, उजेड सहन होत नाही. ‘डोळे आले’ समजून औषध दुकानातून थेंब आणू नयेत. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवले नाही, तर दृष्टी कायमची अधू होऊ शकते. लघवी वा शौचावरील ताबा जाणे, बसण्याच्या जागी बधिरपणा येणे ही देखील तातडीची लक्षणे होत.

खुब्याचा सांधा निकामी झाल्यास कृत्रिम सांधा बसवून चालणे पुष्कळ सुधारते. कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी, अगदी मोतीबिंदूच्याही, भूलतज्ज्ञांना या आजाराची कल्पना द्यावी. ताठ मानेमुळे श्वासनलिकेत नळी घालणे आणि सांधलेल्या मणक्यांमुळे पाठीतून भूल देणे, दोन्ही कठीण होते.

खर्च आणि सवलती

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. हे संरक्षण प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. बाह्यरुग्ण तपासणी व दरमहाच्या औषधांचा खर्च त्यात गृहीत धरू नये. अपंगत्व हक्क कायदा, २०१६ च्या यादीत या आजाराचे स्वतंत्र नाव नाही. मात्र त्यामुळे चालण्या-फिरण्यात आलेली अक्षमता ४० टक्के वा अधिक असल्याचे सरकारी वैद्यकीय मंडळाने प्रमाणित केल्यास प्रमाणपत्र व युडीआयडी कार्ड मिळते आणि सवलतींचा मार्ग खुला होतो.

मुलांनी स्वतःकडेही पाहावे

या आजारात आई-वडिलांची काळजी घेणाऱ्यांना स्वतःचीही एक तपासणी करावी लागते. पालकाच्या ‘बी २७’ जनुकाची प्रत मुलाकडे येण्याची शक्यता साधारण निम्मी असते. जनुक असलेल्या बहुसंख्य व्यक्तींना हा आजार होत नाही, त्यामुळे त्रास नसताना चाचणी करून घाबरण्याचे कारण नाही. पण पस्तिशीतील मुलाची वा मुलीची पाठ तीन महिन्यांहून अधिक काळ दुखत असेल, पहाटे जाग येत असेल आणि चालल्यावर बरे वाटत असेल, तर ‘दिवसभर संगणकासमोर बसतो म्हणून’ अशी समजूत करून घेऊ नये. वडिलांच्या वेळी जे उपचार नव्हते, ते आज आहेत आणि कणा जखडण्यापूर्वी सुरू केले तरच त्यांचा पुरा लाभ मिळतो.

आणखी एक गोष्ट. शुश्रूषेचा भार बहुधा घरातील सुनेवर किंवा वृद्ध जोडीदारावर पडतो. औषधांची वही, डॉक्टरांच्या भेटी, सकाळचा व्यायाम, रात्रीची सोबत यांची वाटणी ठरवून घ्यावी. जे काम आई-वडिलांना सावकाश का होईना स्वतः करता येते, ते त्यांच्या हातून काढून घेऊ नये. सदऱ्याची बटणे लावायला दहा मिनिटे लागली तरी ती दहा मिनिटे व्यायामाचीच आहेत.

हे लक्षात ठेवा

* पडल्यानंतर नवी वेदना : अस्थिभंग समजूनच तपासणी करा.
* झुकलेली मान सरळ करू नका, करू देऊ नका.
* डोळा लाल होऊन दुखल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ.
* मणका ‘बसवून’ घेणे पूर्णपणे वर्ज्य.
* वेदनाशामक गोळी एकाच डॉक्टरांच्या सल्ल्याने.
* रुग्णाच्या पाकिटात आजाराचे नाव, औषधे व घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी.
* औषधांत कोणताही बदल तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करावा.